स्लीव्ह की बायपास : मधुमेहींनी निवड करताना

स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून अरुंद नळी ठेवणे) आणि गॅस्ट्रिक बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणे) या वजन घटवण्याच्या शस्त्रक्रिया. केवळ वजनाचा विचार केला, तर या दोहोंत निवडण्याजोगे अंतर मला फारसे दिसत नाही. मधुमेह सोबतीला असेल, तर मात्र माझे मत बायपासकडे झुकते, जरी पुण्यात मला भेटलेल्या बहुतेक सर्जनांनी आधी स्लीव्हच सुचवली होती.

स्थूल व्यक्तीच्या रक्तात ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलिन ही शाखायुक्त अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) अनेकदा वाढलेली असतात, आणि शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण मानली जाते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आहार नियंत्रणाने तितकेच वजन उतरवलेल्या मधुमेहींपेक्षा बायपास झालेल्यांमध्ये ही आम्ले अधिक घटलेली आढळली. स्लीव्हनंतरही ती घटतात आणि जेवणानंतरचे जीएलपी-१ हे इन्सुलिन स्रवायला मदत करणारे संप्रेरक दोन्हींत वाढते. परंतु बायपासमध्ये अन्न ग्रहणीला (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला) वळसा घालून थेट पुढच्या आतड्यात उतरत असल्याने ही वाढ सहसा अधिक ठळक असते. क्लीव्हलंड क्लिनिकच्या स्टॅम्पीड चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचे माप) ६ टक्के किंवा त्याहून कमी असलेले रुग्ण बायपासच्या गटात २९ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ टक्के आणि केवळ औषधांच्या गटात ५ टक्के होते. पहिल्या दोहोंतला फरक निर्णायक नाही, हेही सांगायला हवे.

माझा निर्णय झाला तो आम्लपित्तामुळे. रात्री आडवे होताच घशाशी आंबट पाणी यायचे, डोक्याखाली दोन उशा घेऊनही झोपमोड व्हायची, आणि मिसळीला तर केव्हाच रामराम ठोकला होता. स्लीव्हमध्ये जठराची अरुंद नळी उरते, आतला दाब वाढतो आणि ही तक्रार बळावू शकते. बायपासनंतर ती बहुधा शमते. माझी शमली. माझ्या चुलतभावाने स्लीव्ह करून घेतली; त्याची साखर माझ्याइतकीच आटोक्यात आहे, पण सकाळची आम्लपित्तावरची पॅन्टोप्राझोलची गोळी काही सुटलेली नाही.

बायपासचीही किंमत मोजावी लागते. एका लग्नात आग्रहाखातर घेतलेल्या वाटीभर बासुंदीनंतर तासा-दीड तासाने मला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि साखर वाढण्याऐवजी उलट उतरून ग्लुकोमीटरवरचा आकडा साठच्या खाली गेला होता. शिवाय रक्तातली अमिनो आम्ले घटली म्हणून प्रथिने कमी खाऊन चालत नाही. उलट रोज किमान ६० ग्रॅम पोटात जावी लागतात, नाहीतर साखर वापरणारे स्नायूच झिजू लागतात. शाकाहारी घरात त्यासाठी पनीर, घट्ट दही आणि मुगाच्या धिरड्यांची आखणी आदल्या दिवशीच करावी लागते. बी१२, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर जन्मभराच्या.

सांधेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या नियमित घ्याव्या लागणाऱ्यांनी मात्र स्लीव्हचाच विचार करावा, कारण बायपासनंतर त्या गोळ्यांमुळे जठर आणि आतड्याच्या नव्या जोडाजवळ व्रण होऊ शकतो. इतरांनी आधी एंडोस्कोपी करून घ्यावी, आणि अन्ननलिकेला दाह असल्याचे निघाले, तर सर्जनने स्लीव्ह सुचवली तरी बायपासविषयी आवर्जून विचारावे.