'बिलिंग बंद न करता डेटा दुरुस्त' म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात ऐन हंगामात बिलिंगचा डेटा ठेवणाऱ्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरवर ८२४ नंबरची एरर आली. डिस्कवरून वाचलेलं पान (डेटाचा तुकडा) चेकसमशी, म्हणजे त्यावर नोंदवलेल्या पडताळणीच्या आकड्याशी, जुळत नाही, असा तिचा बहुतेकदा अर्थ. फोनवरचा 'एक्सपर्ट' म्हणाला, "सौदा चालू दे, शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या निघू देत, रिमोटवरून चालू डेटाबेसच दुरुस्त करतो." निम्मे पैसे आधी. मध्ये दहा मिनिटं सगळे संगणक अडकले, मग एरर गायब. उरलेले पैसेही गेले.

पहिली थाप 'चालू'चीच. दुरुस्तीची कमांड सिंगल युझर मोडमध्येच, म्हणजे एकच जण जोडलेला असताना, चालते. त्या दहा मिनिटांत सगळ्यांना बाहेर काढलं होतं. चालवली ती 'रिपेअर अलाउ डेटा लॉस'. ती सर्व्हरसोबत फुकट येते आणि नावातच कबुली देते. ८ केबीचं खराब पान ती बहुतेकदा सांधत नाही, काढूनच टाकते. टेबलांची एकमेकांशी नाती जुळतात का, हेही बघत नाही. म्हणून पट्टीवर शेतकऱ्याचं नाव, एकूण ४२ रवे (गुळाच्या ढेपा), आणि खाली ओळ एकही नाही! उचलीची (आगाऊ घेतलेल्या रकमेची) बाकी चुकली ती वेगळीच. शेतकरी कागदी पट्टी घेऊन दारात आला तेव्हा हे कळलं. तोवर रोजच्या बॅकअपने जुने चांगले बॅकअप पुसले होते.

अशी एरर दिसली की बिलिंग थांबवा, बॅकअपचं शेड्यूल बंद करा. डेटाबेस डिटॅच (सर्व्हरपासून वेगळा) मात्र करू नका, सस्पेक्ट, म्हणजे सर्व्हरने बिघडलेला ठरवलेला, डेटाबेस सहसा पुन्हा जोडता येत नाही. सर्व्हिस थांबवून एमडीएफ (डेटा) आणि एलडीएफ (लॉग) दोन्ही फाइली दुसऱ्या डिस्कवर घ्या. मूळ डिस्कच बिघडलेली असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे पुढचं सगळं दुसऱ्या मशीनवर, त्या कॉपीवर.

तिथे 'डीबीसीसी चेकडीबी' ही तपासणीची कमांड चालवून आउटपुट जपून ठेवा. सगळ्या एररमध्ये इंडेक्स आयडी २ किंवा पुढचा असेल तर बिघाड फक्त नॉन-क्लस्टर्ड इंडेक्समध्ये, म्हणजे नोंदी शोधायच्या वेगळ्या सूचीत, आहे. तो पुन्हा बांधला की झालं, एकही नोंद जात नाही. एवढ्यासाठीही हजारो रुपये उकळले जातात. ० किंवा १ असेल तर खरा डेटा गेलाय, आणि बरा उपाय म्हणजे चांगला बॅकअप रिस्टोअर करणं. डेटाबेस चालू ठेवून एकच पान रिस्टोअर करण्याची सोय एंटरप्राइज आवृत्तीत आहे, दुकानातल्या एक्सप्रेस आवृत्तीत नाही.

बाकी पैसे देण्याआधी ते आउटपुट, दुरुस्तीआधीची कॉपी आणि आधी-नंतरची प्रत्येक टेबलची रो-संख्या (किती नोंदी ते) मागा.