सावली एक, शब्द दोन: फाउलरच्या कोशाविषयी

हेन्री वॉटसन फाउलर यांचा ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज’ हा ग्रंथ १९२६ साली ऑक्सफर्डने प्रथम प्रसिद्ध केला. त्याच पहिल्या आवृत्तीचे, भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टल यांची प्रस्तावना व टिपा जोडलेले पुनर्मुद्रण गेली काही वर्षे माझ्या टेबलावर आहे. भाषांतराचे काम करताना अर्थ पाहण्यासाठी मी नेहमीचे कोश वापरतो. दोन जवळच्या इंग्रजी शब्दांमधली हद्द कोठून जाते, हे पाहायचे असले की मात्र फाउलरच उघडावा लागतो.

आपल्याला ही गरज अधिक भासते, कारण इंग्रजीत जेथे दोन शब्द आहेत तेथे मराठीत पुष्कळदा एकाच शब्दाने भागते. ‘ऐतिहासिक कादंबरी’ आणि ‘ऐतिहासिक निर्णय’ या दोन्ही ठिकाणी आपले विशेषण एकच असते. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘हिस्टॉरिकल’ आणि दुसऱ्यासाठी ‘हिस्टॉरिक’ लागते. एका लेखाच्या इंग्रजी सारांशात मी स्वतः ‘हिस्टॉरिक नॉव्हेल्स’ असे लिहून बसलो होतो, आणि ते तसेच छापूनही आले. म्हणजे इतिहासावर बेतलेल्या साध्यासुध्या कादंबऱ्यांना मी इतिहास घडवणाऱ्या ठरवले होते. फाउलर सांगतात की ‘हिस्टॉरिकल’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे आणि ‘हिस्टॉरिक’ म्हणजे संस्मरणीय, इतिहासात ज्याची जागा पक्की आहे असे. नोंद एवढीच आहे, पण त्यानंतर ती चूक माझ्या हातून झालेली नाही.

या ग्रंथातली मला सर्वांत आवडणारी नोंद ‘शेड’ आणि ‘शॅडो’ यांची आहे. आपण झाडाच्या सावलीत बसतो आणि संध्याकाळी आपलीच सावली लांब पडलेली पाहतो. शब्द तोच राहतो आणि कोणाचा गोंधळही होत नाही. फाउलर म्हणतात की ‘शॅडो’ हा ‘शेड’चा एक तुकडा आहे, आणि पाण्याचे डबक्याशी जे नाते असते तेच ‘शेड’चे ‘शॅडो’शी आहे. पाण्याला आकार नसतो, डबक्याला काठ असतो. ही उपमा कळल्यावर कोणत्या सावलीसाठी कोणता शब्द घ्यायचा, हे पाठ करावे लागत नाही.

‘कंटिन्युअल’ आणि ‘कंटिन्युअस’ यांचा उलगडाही असाच नेमका आहे. थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा होणारे किंवा कधी संपणारच नाही असे वाटणारे ते पहिले. आरंभापासून शेवटापर्यंत ज्यात खंड पडत नाही ते दुसरे, मग तो शेवट अगदी लवकर आला तरी चालेल. दिवसभर सरीवर सर येत राहिली तर तो पाऊस पहिल्या प्रकारचा, आणि दुपारी दोन ते चार न थांबता कोसळला तर दुसऱ्या प्रकारचा. दुसऱ्या प्रकारासाठी आपल्याकडे ‘संततधार’ हा सुरेख शब्द आहे, परंतु वर्तमानपत्रांनी तो सरींनाही लावून बोथट करून टाकला आहे.

दोन समानार्थी रूपांनी कालांतराने आपापली क्षेत्रे वाटून घ्यावीत, हे फाउलर यांना भाषेच्या हिताचे वाटते. ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ मुळात एकच असूनही एक शब्द बाईसाठी आणि दुसरा गुरांसाठी राहिला, हे ज्याला माहीत आहे त्या मराठी वाचकाला हे म्हणणे सहज पटेल. मात्र असे वाटप वापरातून होते, कोणाच्या हुकुमाने नव्हे, आणि येथेच त्यांच्याशी माझा मतभेद आहे. ‘मास्टरफुल’ म्हणजे हुकमत गाजवणारा आणि ‘मास्टरली’ म्हणजे कसबी, अशी भिंत त्यांनी आग्रहाने उभी केली. आज जवळजवळ शंभर वर्षांनीही इंग्रजी लिहिणारे ‘मास्टरफुल’ हा शब्द कसबी या अर्थाने खुशाल वापरतात. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांच्यावरचा त्यांचा काथ्याकूटही आता केवळ कुतूहलापुरता उरला आहे.

गैरसोयी आणखीही आहेत. वाक्ये लांब आहेत, उदाहरणे त्या काळच्या वृत्तपत्रांतली आहेत, आणि काही लेखांना अशी मिस्कील शीर्षके दिली आहेत की हवा तो विषय कोणत्या अक्षराखाली शोधावा तेच कळत नाही. एक चूक टाळताना दुसरीत पडणाऱ्या लेखकांवरचा लेख ‘आउट ऑफ द फ्राइंग-पॅन’ या नावाखाली सापडतो. आपण त्याला ‘आगीतून फुफाट्यात’ म्हटले असते. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी शब्दजोड्या हव्या असतील तर हा ग्रंथ घेऊ नये, त्यासाठी विद्यार्थ्यांसाठीचा कोणताही चांगला आधुनिक कोश पुरेसा आहे.

आजच्या वापराचा निर्णय हवा असेल, तर जेरेमी बटरफील्ड यांनी संपादित केलेली २०१५ची चौथी आवृत्ती घ्यावी. मी मात्र पहिलीच घेण्याचा सल्ला देईन, कारण फाउलर यांचा खट्याळ, हट्टी आवाज तिच्यात जसाच्या तसा ऐकू येतो. क्रिस्टल यांच्या टिपा शेवटी असल्यामुळे वाचताना दोन खुणा ठेवाव्या लागतात, एक नोंदीपाशी आणि दुसरी टिपांपाशी.