दांडिया बाजारातील ट्रॅव्हल कार्यालय : तिकिटापेक्षा सामानाची चौकशी अधिक

मुलीकडे दुबईला जाण्यासाठी आम्ही वडोदऱ्यातील दांडिया बाजारातल्या एका छोट्या ट्रॅव्हल कार्यालयातून व्हिसा आणि तिकिटे काढली. ती कामे वेळेत झाली आणि दरही वाजवी होते. लिहायचे आहे ते त्यांनी केलेल्या सामानाच्या चौकशीबद्दल.

“काकू, फराळाचं काय काय नेणार?” असे संचालकांनी विचारले, तेव्हा मला ते नुसते अगत्य वाटले, पण अनारशांचे नाव निघताच त्यांनी हातातले पेन खाली ठेवले. खसखस अफूच्या बोंडातूनच निघते आणि संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्यावर बंदी आहे, त्यामुळे अनारसे तर नकोतच, पण करंजीच्या सारणातली आणि घरच्या मसाल्यातलीही खसखस नको, असे त्यांनी एकेक डबा विचारून सांगितले.

दुसऱ्याने दिलेले पुडके नेण्याबाबत तर ते फारच कडक आहेत, आणि त्याला कारण आहे. 2019 मध्ये मुंबईचे एक दाम्पत्य एका नातेवाईक बाईंनी जर्दा म्हणून दिलेले पुडके घेऊन कतारमधील दोहाला उतरले. त्यात चार किलोहून अधिक चरस निघाला, दोघांना 10 वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांच्या मुलीचा जन्म तुरुंगातच झाला. त्यांना फसवण्यात आल्याचे भारतातील तपासात उघड झाले, तेव्हा कुठे 2021 मध्ये ते मायदेशी परतू शकले. हे सारे ऐकल्यावर शेजारच्यांची पिशवी नाकारताना मला संकोच वाटला नाही.

मात्र औषधांविषयी त्यांची माहिती अपुरी आहे. यजमानांच्या पाठदुखीच्या गोळ्यांत ट्रॅमाडॉल हे अफूवर्गीय वेदनाशामक असते; त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी पुरेल असे कार्यालयात सांगण्यात आले, प्रत्यक्षात तेथील आरोग्य मंत्रालयाची परवानगी आधीच घ्यावी लागते. तसेच, शिक्षा झालीच तर उर्वरित काळ भारतातील तुरुंगात काढता येतो, हे ते बुकिंग बदलून देण्याइतक्या सहजपणे सांगतात. भारत आणि अमिरातीत तसा करार आहे हे खरे. परंतु त्यासाठी निकाल अंतिम व्हावा लागतो, साधारणपणे किमान सहा महिन्यांची शिक्षा शिल्लक असावी लागते आणि दोन्ही सरकारांची संमती मिळावी लागते.

या सल्ल्याचे वेगळे शुल्क घेतले जात नाही. जाताना फराळाची यादी सोबत न्यावी. औषधांची चौकशी मात्र वाणिज्य दूतावासाकडे किंवा तेथील मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः करावी.