‘उंदीरप्रूफ’ कोब्याची दहा वर्षांची गॅरंटी

सुगी आटोपली, हातात चार पैसे आले की गावोगाव ही माणसं फिरायला लागतात. ‘शेडचा कोबा करून देतो, उंदीरप्रूफ, दहा वर्षांची गॅरंटी, गावातल्या मिस्त्रीपेक्षा स्वस्तात.’ आमच्या लातूर भागात उन्हाळ्यात असाच एक ठेकेदार आला आणि आम्हाला गंडा घालून गेला. पैशांचा राग आहेच, पण घरचं राखून ठेवलेलं सोयाबीनचं बियाणं नासलं, ते जास्त लागलंय. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

शेड साधीच. वीस बाय पंधरा फूट, वर पत्रा, खाली मातीची जमीन. आत बियाणं, हरभरा, जनावरांची पेंड. बोलणं झालं ते असं: मुरूम भरून पाणी मारून धुमस करायची, वर दगडाचं सोलिंग, म्हणजे दगड रचून केलेला थर, आणि त्यावर चार इंच काँक्रीट, एकास दोन चार (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणात. त्यात म्हणे एक खास केमिकल मिसळणार, ज्याच्या वासाने उंदीर-घूस जवळ फिरकत नाही. शिवाय प्लगमध्ये लावायचं एक यंत्र, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवणारं. त्याचे पैसे वेगळे.

कामाच्या दिवशी घरी सासूबाई एकट्या होत्या. ‘मावशी, उन्हात कशाला थांबता, धूळ उडतीय,’ असं म्हणून त्याने त्यांना घरात बसवलं. संध्याकाळी आम्ही आलो तर कोबा आरशासारखा चकचकीत. उरलेले पैसे रोख घेतले, पावती व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणाला. ती आजवर आलेली नाही.

पहिले दोन मोठे पाऊस झाले आणि मागच्या कोपऱ्यात उकरलेल्या मातीचा ढीग दिसला. घूस. पोती हलवली तर तळचे कोपरे कुरतडलेले, टरफलं आणि लेंड्यांचा सडा, मुताचा उग्र दर्प. कोब्यावर पहारीचं टोक आपटलं की पोकळ आवाज यायचा. शेवटी एक तुकडा उचकटला. वर सिमेंटचा घोळ ओतून घोटलेला पापुद्रा, त्याखाली बोटाने चुरा होणारा माल, सगळं मिळून जेमतेम दीड इंच. सोलिंगचा एक दगड नाही. मुरूमही नाही, आमचीच जुनी भुसभुशीत माती.

हिशेब कुणालाही करता येण्यासारखा आहे. तीनशे चौरस फुटांवर चार इंच म्हणजे शंभर घनफूट, बरोबर एक ब्रास काँक्रीट. एकास दोन चारच्या मालाला त्यात पन्नास किलोच्या साधारण १८ गोण्या सिमेंट लागतं. हा मागे टाकून गेलेल्या रिकाम्या गोण्या मोजल्या, तर पाच. नुसता सोलिंगवरचा एकास चार आठचा कच्चा थर टाकला असता तरी दहा लागल्या असत्या.

यंत्राचं म्हणाल, तर त्याच्याच खालच्या पोत्याला भोक पडलं होतं. अमेरिकेत अशा यंत्रांच्या साठाहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २००१ मध्येच इशाऱ्याची पत्रं धाडली होती, की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा. आपल्याकडे ती बाजारात राजरोस विकली जातात, याचा मला संताप येतो.

उंदराला अडवते ती जाडी आणि बुजवलेली फट. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो सतत कुरतडतो. पिटुकला घरउंदीर सहा मिलिमीटरच्या, म्हणजे पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत येतो. घूस मात्र कडेने खोदत पायाखालून शिरते, म्हणून मधला कोबा कितीही चांगला असला तरी कड उघडी राहिली की सगळं वाया. आता गावातल्याच गवंड्याने शेडच्या चारी बाजूंनी दोन फूट खोल चर घेऊन काँक्रीट भरलंय, तळाशी ते फूटभर बाहेरच्या बाजूला वळवलंय. घूस भिंतीलगत उकरत खाली गेली की तिथे अडते. दाराच्या खालच्या अंगाला पत्रा ठोकलाय, झरोक्यांना पाव इंची जाळी. आत पैसे कमी पडले म्हणून कोब्याऐवजी सोलिंगवर शहाबादी फरशी घातली, सांधे सिमेंटने भरून घेतले. स्वस्त पडली आणि पक्की आहे. पोती आता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब. आणि हो, लेंड्या-घाण काढताना हातमोजे घालाच, उंदराच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो.

आम्ही फोडलेल्या कोब्याचे फोटो, गोण्या आणि मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवलेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची.

तो माणूस सध्या शेजारच्या तालुक्यात याच गॅरंटीवर कामं घेतोय असं कळलं. तुमच्या दारात आला तर जाडी, मालाचं प्रमाण आणि गोण्यांचा आकडा आधी कागदावर सहीसकट मागा, आणि सोलिंग दाखवल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका.