पॅनोरमा स्लाइडसाठी फ्लॅटबेड स्कॅनर: नऊ महिने वापरल्यावर, तुटक्या होल्डरसकट

होल्डरची, म्हणजे फिल्म धरून ठेवणाऱ्या चौकटीची, खिटी तुटली. नऊ महिन्यांत या स्कॅनरची बिघडलेली एवढी एकच गोष्ट, पण पॅनोरमावाल्यासाठी तीच सगळ्यात मोलाची. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: होल्डर सुटा येत नाही, पूर्ण सेट मागवा, दीड महिना लागेल, पैसे आधी भरा. बोटभर प्लॅस्टिकसाठी मागितलेल्या पैशात स्लाइड फिल्मचा एक रोल येतो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढचं सगळं या वर्गातल्या कोणत्याही फ्लॅटबेडला (सपाट काचेवर ठेवून स्कॅन करणाऱ्या मशीनला) लागू आहे.

35 मिमीच्या रोलवर 24 × 65 मिमीची लांबट पॅनोरमा फ्रेम (कॅमेरा हॅसलब्लाड एक्सपॅन किंवा फुजी टीएक्स-1) असेल तर साधा फिल्म स्कॅनर घेऊ नका. त्याची खिडकी 24 × 36 ची. दोनदा स्कॅन केलं तर 72 मिमी मिळतात, त्यातले 65 चित्रात गेले की जोडणीला उरतात 7. लोणारच्या काठावरून घेतलेल्या फोटोत त्या 7 मिमीत निव्वळ आभाळ आलं तर सॉफ्टवेअरला धरायला काहीच सापडत नाही. एक्स्पोजर लॉक करायचं राहिलं तर आभाळात उभी शिवण दिसते, ती वेगळीच. निकॉनचा कूलस्कॅन 9000 काचेच्या होल्डरवर ही फ्रेम एका दमात घेतो, पण तो कधीचाच बंद झालाय, जोडणी फायरवायर या जुन्या केबलची, आणि बिघडला तर दुसऱ्या जुन्या मशीनमधून पार्ट काढा. तालुक्याच्या गावी बसून हा उद्योग परवडत नाही. राहिला फ्लॅटबेड.

खोक्यावरचा 6400 डीपीआयचा (इंचाला किती ठिपके, त्याचा) आकडा विसरा. स्वस्त फ्लॅटबेड प्रत्यक्षात साधारण 1600 डीपीआयएवढाच तपशील देतो. 6400 वर 48-बिटमध्ये एका फ्रेमची फाइल सहाशे एमबीच्या घरात जाते आणि हाती जास्तीचं काही लागत नाही. 2400 वर 6140 × 2270 पिक्सेल आणि 84 एमबी, एवढं बास. खऱ्या तपशिलाच्या हिशेबानं 300 डीपीआयचा प्रिंट साडेतेरा इंच रुंद निघतो. स्कॅनरसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये थंबनेल प्रिव्ह्यू आधी बंद करा, नाहीतर ते फ्रेम 36 मिमीवर कापतं. चौकट हातानं ओढायची, कडेला मिलिमीटरभर जागा सोडून.

पहिल्या तीन महिन्यांनंतर विचारलं असतं तर "मऊ चित्र, विकून टाका" असंच सांगितलं असतं. ते मत आता मागे. दोष लेन्सचा नव्हता, उंचीचा होता. या होल्डरला उंची बदलायची सोय नाही आणि स्कॅनरचा फोकस काचेच्या नेमका किती वर पडतो ते प्रत्येक नगाला थोडं वेगळं. तपासायची रीत सोपी आहे. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे तुकडे कापा. दहा तुकडे एकावर एक ठेवून पट्टीनं मोजा, 3 ते 4 मिमी भरतात, म्हणजे एक तुकडा 0.3 ते 0.4 चा. होल्डरच्या चारही पायांखाली एक, मग दोन, मग तीन असे ठेवत तीच फ्रेम 3200 वर स्कॅन करा आणि 100 टक्क्यांवर बघा. शार्पनिंग बंद. इथे तीन तुकड्यांवर बाभळीच्या फांद्या सुट्या झाल्या, चारवर पुन्हा मऊ पडल्या.

पावसाळा लागला आणि पुठ्ठा फुगला. म्हणून मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या पट्ट्या: जाडी ठरलेली, 0.76 मिमी, ओल धरत नाही. वर पत्रिकेचा एकच तुकडा, झाले 1.1.

यानंतर उरतो फिल्मचा बाक. 65 मिमीच्या फ्रेमला मध्ये आधार नसतो, त्यामुळे कडा शार्प आणि मधला भाग मऊ, किंवा उलट. मे महिन्यात फिल्म इतकी कोरडी होते की इमल्शनच्या (चित्राचा थर असलेल्या) बाजूला कमान धरते. त्यावर कूलरच्या हवेत ठेवायचा शहाणपणा करू नका. पाण्याचे बारीक थेंब आणि खसाचे तंतू फिल्मवर बसतात. पट्ट्या स्लीव्हसकट जाड पुस्तकाखाली दोन दिवस दाबा आणि पहाटे, कूलर बंद असताना स्कॅन करा. साधी काच वर ठेवायची तर ती इमल्शनच्या मंद बाजूवर टेकवा. चकचकीत बाजूवर टेकली की इंद्रधनुषी कडी उमटतात, पावसाळ्यात जास्तच.

धूळ हा इथला वेगळा विषय. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की कापसाची लव बंद खोलीतही शिरते. रबरी ब्लोअर वापरा, तोंडानं फुंकू नका. इन्फ्रारेडनं धूळ काढायची सोय ई-6 (नेहमीच्या प्रक्रियेनं धुतलेल्या) स्लाइडवर छान चालते, वेळ मात्र बराच वाढतो. कोडॅक्रोमवर (कोडॅकची जुनी, आता बंद झालेली स्लाइड फिल्म) तिचा भरवसा धरू नका, चांदीच्या कृष्णधवल फिल्मवर तर ती बंदच ठेवा.

सावल्यांत हा स्कॅनर कमी पडतो, ते लपवत नाही. वेल्व्हियावरची (फुजीची भडक रंगांची स्लाइड फिल्म) गाविलगडाच्या तटाखालची झाडी काळा डागच येते. दोन उपायांनी थोडी उजळते: फिल्मभोवतीची उघडी काच काळ्या कागदानं झाकणं (होल्डरच्या टोकाची कॅलिब्रेशनची खिडकी सोडून, तिथून स्कॅनर आपला प्रकाश जुळवून घेतो, ती झाकली की उभ्या रेघा येतात) आणि व्ह्यूस्कॅन या वेगळ्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये मल्टी एक्स्पोजर (तीच फ्रेम कमी-जास्त प्रकाशात पुन्हा स्कॅन करून एकत्र करणं). तरीही वेल्व्हियापेक्षा फुजीचीच प्रोव्हिया 100एफ सोपी जाते. सावलीचाच हट्ट असेल तर कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि चांगला लाइट पॅनल बरा, पण त्याचा हिशेब लेन्सपासून सुरू होतो.

लॅबला पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा: "फक्त डेव्हलप, कापू नका, माउंट नको." 36 च्या रोलवर 21 पॅनोरमा बसतात, लॅबनं सवयीप्रमाणे माउंट करायला कापलं तर सगळे मधोमध तुटतात. घरी तीन-तीनच्या पट्ट्या करा, सहा फ्रेमच्या होल्डरमध्ये त्या मावतात.

तुटलेल्या खिटीचं काय झालं? बाइंडर क्लिपनं स्कॅनरचं झाकण वर उचललं जातं. फेव्हिक्विक दोन दिवस टिकलं. शेवटी सायकलच्या जुन्या ट्यूबची अर्धा इंच रुंद कडी कापून होल्डरच्या टोकावर चढवली, फिल्मला न लागेल अशी. ट्यूब होल्डरच्या खालूनही जाते, म्हणून उंची पुन्हा मोजली: मिलिमीटरच्या आसपास. दुसऱ्या टोकालाही, कॅलिब्रेशनची खिडकी मोकळी ठेवून, एक कडी चढवली आणि एटीएमच्या पट्ट्या काढून टाकल्या. बाभळीच्या फांद्या जशाच्या तशा आल्या. उन्हाळ्यात रबर चिकट होईल, तेव्हा नवी कडी कापायची. एका ट्यूबमध्ये शंभरेक निघतात.