क्रूझवर पोकर: कोणत्या टेबलावर बसायचं?

क्रूझच्या सुट्टीत पोकर खेळायचा बेत असेल, तर बुकिंगआधी एकच गोष्ट नीट तपासा: तिथे माणसांविरुद्ध खेळायला मिळणार आहे की कॅसिनोविरुद्ध? जहाजावर पोकरच्या नावाखाली दोन्ही चालतं. डीलर पत्ते वाटतो आणि खेळाडू आपसात खेळतात असं टेक्सास होल्डेम या पोकर प्रकाराचं टेबल, पडद्यावर पत्ते दाखवणारं इलेक्ट्रॉनिक टेबल, थ्री कार्ड पोकरसारखे कॅसिनोशी खेळायचे डाव, व्हिडिओ पोकरची यंत्रं आणि खास पोकरसाठी आखलेल्या सामूहिक सफरी, हे सगळं एकमेकांपासून फार वेगळं आहे. डिस्ने किंवा व्हायकिंगच्या जहाजावर तर कॅसिनोच नसतो.

दुसरा मुद्दा वेळेचा. जहाज बंदरात असताना कॅसिनो सहसा बंद असतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत त्या देशाची हद्द असते आणि ती ओलांडल्यावरच बहुतेक ठिकाणी खेळ सुरू होतो. म्हणून रोज नवं बंदर दाखवणारी सहल पोकरवाल्याच्या फारशी कामाची नाही. तिथे संध्याकाळचे काही तास मिळतात, तेही जेवण आणि कार्यक्रमांतून वाचले तर. महासागर ओलांडणाऱ्या सफरीत सलग कित्येक दिवस जहाज पाण्यावरच असतं. खरा खेळ तिथे रंगतो.

आता पैशांकडे येऊ. डीलरच्या टेबलावर कॅसिनो प्रत्येक पॉटमधून, म्हणजे डावात सगळ्यांनी लावलेल्या एकत्र पैशांतून, आपला वाटा काढतो, त्याला रेक म्हणतात. हा वाटा बहुधा १० टक्के असतो, एका ठरावीक कमाल रकमेपर्यंत. ती कमाल रक्कम जहाजावर अनेकदा जमिनीवरच्या कॅसिनोपेक्षा जास्त असते. समजा सरासरी पॉट ४० डॉलरचा आहे आणि तासाला २५ डाव होतात. दर डावाला ४ डॉलर, म्हणजे तासाला १०० डॉलर टेबलावरून कायमचे जातात. नऊ खेळाडू असतील तर प्रत्येकी सुमारे ११ डॉलर.

थ्री कार्ड पोकरमध्ये रेक नसतो, पण कॅसिनोचा फायदा खेळाच्या नियमांतच बसवलेला असतो. नेहमीच्या नियमांनुसार तो अँटेच्या, म्हणजे पत्ते मिळण्याआधी लावायच्या पैजेच्या, ३.३७ टक्के आहे. अँटे १० डॉलरचा असेल तर डावामागे सुमारे ३४ सेंट, ५० डावांत १७ डॉलर. तेही राणी-सहा-चार किंवा त्याहून चांगले पत्ते असतानाच पुढे खेळलात तर. आकडे रेकच्या आसपासचेच वाटतात, पण फरक मोठा आहे. रेक भरूनही समोरच्या कच्च्या खेळाडूकडून तुम्ही जास्त कमावू शकता. थ्री कार्ड पोकरमध्ये कितीही हुशारीने खेळलात तरी ते ३.३७ टक्के पुसले जात नाहीत.

त्याच टेबलावर ‘पेअर प्लस’ नावाची जादा पैज असते. तिथे फ्लशला (सगळे पत्ते एकाच रंगचिन्हाचे) किती मिळतात हे आधी वाचा. एकास चार मिळत असतील, तर कॅसिनोचा फायदा नेहमीच्या तक्त्यात २.३२ टक्के असतो. बाकी तक्ता तोच ठेवून फक्त हा भाव एकास तीन केला की तोच फायदा ७.२८ टक्क्यांवर जातो. कॅरिबियन स्टड या कॅसिनोविरुद्धच्याच दुसऱ्या डावात अँटेच्या ५.२२ टक्के जातात. नाव समुद्राला शोभणारं असलं तरी मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

कॅसिनोविरुद्धच खेळायचं असेल तर माझी पसंती अल्टिमेट टेक्सास होल्डेमला. अचूक खेळल्यास कॅसिनोचा फायदा अँटेच्या २.१९ टक्के, आणि पाच सामाईक पत्त्यांमुळे खऱ्या होल्डेमची चवही लागते. मात्र खिसा पाहून बसा. १० डॉलर अँटेबरोबर तेवढेच ब्लाइंड नावाच्या दुसऱ्या सक्तीच्या पैजेला लागतात, आणि पत्ते चांगले आले की चौपट, म्हणजे आणखी ४० डॉलर लावावे लागतात. एका डावात ६० डॉलर पुढ्यात असतात. इथे कच खाऊन चौपट लावायचं टाळलंत तर खेळाचा सगळा हिशेब बिघडतो.

सर्वात फसवं प्रकरण व्हिडिओ पोकरचं. क्वार्टरच्या (पाव डॉलरच्या) यंत्रावर पाच नाणी, म्हणजे डावाला सव्वा डॉलर. वरवर पाहता सगळ्यात स्वस्त. पण तिथे तासाला ५०० डाव सहज होतात, म्हणजे ६२५ डॉलर फिरतात. ‘जॅक्स ऑर बेटर’ या प्रकारात एका नाण्यामागे फुल हाउसला (तीन सारखे आणि दोन सारखे पत्ते) ९ आणि फ्लशला ६ मिळत असतील तर बिनचूक खेळाडूला ९९.५४ टक्के परत मिळतात, तासाचा खर्च जेमतेम ३ डॉलर. हेच आकडे ६ आणि ५ असतील तर परतावा ९५ टक्के, आणि तासाला ३१ डॉलर जातात. डीलरच्या टेबलाच्या जवळपास तिप्पट! खुर्चीत बसण्याआधी पडद्यावरच्या त्या दोन ओळी वाचाच.

इलेक्ट्रॉनिक टेबलाबद्दल थोडक्यात. कार्निव्हल या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर पोकरप्रो ही अशी टेबलं होती. डीलर नसल्याने चुका होत नाहीत आणि डाव भरभर होतात. पण डाव जास्त म्हणजे रेकही तासाला जास्त. नवख्याला मात्र हे टेबल सोपं जातं, कारण बोली लावायची पाळी कोणाची आणि पॉट किती, हे यंत्रच दाखवतं.

तरीही मी डीलरच्या टेबलाकडेच झुकतो. बहुतेक जण सुट्टीच्या मूडमध्ये असतात, पत्ते बघण्याची हौस दांडगी असते, सहसा कोणी फोल्ड करत नाही, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडत नाही. म्हणून तिथे ब्लफ करून, म्हणजे कच्च्या पत्त्यांवर मोठी बोली लावून घाबरवून, उपयोग नाही. हातात चांगले पत्ते असताना पूर्ण बोली लावायची, एवढं पाळलं तरी पुरतं. जहाजावर बहुधा एकच टेबल असल्याने रोज तेच चेहरे भेटतात, ओळखी होतात आणि कोण कसं खेळतं हेही कळत जातं. अडचण एवढीच की पुरेसे खेळाडू जमले नाहीत तर टेबल उघडतच नाही. पहिल्याच संध्याकाळी कॅसिनोत जाऊन आपलं नाव देऊन ठेवा.

टेबल उघडेल की नाही याची धाकधूक नको असेल तर पोकरसाठीच आखलेली सफर घ्या. कार्ड प्लेअर क्रूझेससारखे आयोजक जहाजावर वेगळी पोकर रूम मांडतात. तिथे अनेक टेबलं, स्पर्धा, ओमाहासारखे पोकरचे इतर प्रकार, सगळं मिळतं. २००२ मध्ये कॅथी लीबर्टने पार्टीपोकर मिलियन ही स्पर्धा क्रूझवरच जिंकून १० लाख डॉलर मिळवले होते. पण इथे समोरचे खेळाडू तयारीचे असतात, आणि त्या रूममध्ये बसण्यासाठी बुकिंग साधारणपणे आयोजकाकडूनच करावं लागतं.

सोबतच्या माणसाचाही विचार करा. थ्री कार्ड पोकरवरून दहा मिनिटांत उठता येतं. स्पर्धेत शिरलात तर अख्खी संध्याकाळ गेली. जोडीदाराला पोकरमध्ये रस नसेल, तर खास पोकर सफर दोघांनाही सुखाची होणार नाही. अशा वेळी समुद्रावरचे दिवस जास्त असलेली साधी क्रूझ आणि रात्री उशिराचं डीलरचं टेबल, हा मेळ चांगला बसतो.

बुकिंग करताना विचारा: डीलरचं पोकर टेबल नक्की आहे का, रेकची कमाल मर्यादा किती, आणि खोलीच्या कार्डावर चिप्स घेतल्यास शुल्क लागतं का. काही कंपन्या त्यावर ३ ते ५ टक्के आकारतात, म्हणजे १,००० डॉलरच्या चिप्सवर पत्ते हातात येण्याआधीच ३० ते ५० डॉलर गेलेले असतात. त्यापेक्षा खेळायचे पैसे रोख घेऊन जा.