व्हायोलिनसाठी मुंबई की जर्मनी?

दादरच्या एका सतरा वर्षांच्या मुलीला व्यावसायिक ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचे आहे आणि बारावीनंतर तिने मुंबईत शिकावे की जर्मनीत, या पेचात तिचे आईवडील आहेत.

खर्चात मुंबई अर्थातच सोयीची आहे. मात्र जर्मनीतील बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला १५०० युरो घेते), त्यामुळे खरा भार राहण्याजेवण्याचा पडतो.

तालमीतला फरक मला सर्वांत मोठा वाटतो. ऑर्केस्ट्रातील नोकरीच्या निवडचाचणीत मोत्सार्टच्या कॉन्चेर्टोचा (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा) पहिला भाग आणि ऑर्केस्ट्रातील अवघड उतारे, अनेकदा पडद्याआडून, वाजवावे लागतात आणि निवडीनंतरही परिविक्षाकाळ (कायम होण्याआधीची पारखण्याची मुदत) असतो. ही तयारी नियमितपणे पूर्ण वाद्यवृंदात बसल्यानेच पक्की होते, आणि तशी संधी मुंबईत दुर्मीळ आहे.

नोकरीसाठी मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा, २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण जागा मोजक्याच. जर्मनीत शंभराहून अधिक ऑर्केस्ट्रा आहेत, स्पर्धाही तितकीच कठोर.

ज्यांचे सूर आणि गजावरील (बोवरील) ताबा अजून घडायचा आहे, त्यांनी मुंबईतच उत्तम गुरूकडे आणखी दोन वर्षे द्यावीत. ज्यांची प्रवेशपरीक्षेची तयारी झाली आहे आणि ज्यांना ऑर्केस्ट्रातच आयुष्य काढायचे आहे, त्यांनी जर्मन भाषा शिकून निघावे.